फोनवरचा मानसोपचार: बारामती-इंदापूरकरांनी कुठं शोधावा, कसा निवडावा

झोप लागत नाही, जीव घाबराघुबरा होतो, कशातच मन लागत नाही. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, तर तो नॉर्मल आला. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मानसिक त्रासाची तक्रार बहुतेक वेळा अशीच सुरू होते. ती आधी गावातल्या डॉक्टरांकडं जाते, मग कुणीतरी सुचवलेल्या देवऋष्याकडं, आणि फारच वाढलं तर पुण्याला. या फेऱ्यांत महिने जातात, काही घरांत वर्षं जातात.

आता या वाटेवर फोन आला आहे. सणसरच्या मळ्यात बसून पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाशी बोलता येतं, हे खरं आहे. पण हा तज्ज्ञ शोधायचा कुठं, त्याचं शिक्षण तपासायचं कसं, पैसे किती लागतात आणि घरभर माणसं असताना बोलायचं कुठं बसून, हे प्रश्न उरतातच. या लेखात त्यांचा आढावा घेतला आहे. एक गोष्ट आधीच मांडून ठेवतो. ऑनलाइन उपचारानं अंतराचा प्रश्न बराचसा सोडवला आहे. योग्य माणूस निवडण्याचा आणि मोकळेपणानं बोलायला जागा मिळण्याचा प्रश्न त्यानं सोडवलेला नाही. ते दोन प्रश्न आपल्यालाच, आपल्या तालुक्यात, जवळच्या माणसांना हाताशी धरून सोडवावे लागतील.

गरज किती, तज्ज्ञ किती

२०११ च्या जनगणनेत बारामती तालुक्याची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या पुढं आणि इंदापूरची पावणेचार लाखांच्या पुढं होती. दोन्ही मिळून आठ लाखांहून जास्त माणसं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळं हा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पण तो निम्मा धरला तरी या दोन तालुक्यांत पंचवीस हजारांहून जास्त प्रौढांना मदतीची गरज आहे. याच सर्वेक्षणानं दाखवलेली दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. आजार कुठला यावर अवलंबून, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत.

उपचार करणारे किती? देशात एक लाख लोकांमागं मानसोपचारतज्ज्ञांचं प्रमाण ०.७५ असं सांगितलं जातं. निदान तीन असावेत अशी अपेक्षा आहे. म्हणजे आपल्या आठ लाखांसाठी चोवीस हवेत आणि देशाच्या सरासरीनं सहा येतात. ही सरासरीही मोठ्या शहरांनी वर ओढलेली आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तर याहून दुर्मीळ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यांपैकी सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातल्या आहेत. मदत वेळेवर मिळण्याचा प्रश्न आपल्या राज्यात किती तातडीचा आहे, हे सांगायला एवढं पुरे.

अंतर म्हणजे फक्त किलोमीटर नव्हे

बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून एकशे पस्तीस-चाळीस. औषधासाठी महिन्यातून एकदा जाणं जमवता येतं. बोलून करायचा उपचार मात्र आठवड्याला एकदा, पाऊण तासाचा आणि बहुधा सहा ते बारा बैठकांचा असतो. त्या प्रत्येक बैठकीसाठी एसटीचा अख्खा दिवस, बुडालेली मजुरी आणि सोबत यायला घरातला एक माणूस लागणार असेल, तर तिसऱ्या खेपेलाच उपचार सुटतो. अर्धवट सुटलेल्या उपचाराचं मोठं कारण रुग्णाची बेफिकिरी नसतं, हा प्रवास असतो.

दुसरं अंतर लोकांच्या नजरेचं. तालुक्याच्या गावी मनाच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर गाडी लावली, की संध्याकाळपर्यंत ती कुणाची हे पाव्हण्या-रावळ्यांत पोचतं. घरात लग्नाची मुलगी असेल तर सोयरिकीची धास्ती असते. त्यामुळं जवळ सोय असूनही माणसं लांब जातात, किंवा जातच नाहीत. ऑनलाइन उपचारानं ही रस्त्यावरची नजर टळते. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्रातल्या बहुतेक तज्ज्ञांना व्हिडिओवर काम करण्याची सवय झाली आणि ती टिकली, हा या बदलातला मोठा लाभ.

आधी ओळखा, कोण कोण असतं

शोधाची सुरुवात इथूनच करावी, कारण सगळ्यात जास्त गोंधळ आणि फसवणूक इथंच होते. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्याच्या चिठ्ठीवर असावाच लागतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. तो चाचण्या घेतो, निदानाला मदत करतो आणि बोलण्यातून उपचार करतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं, १९९२ च्या कायद्याखाली त्याची नोंदणी लागते आणि हा क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

समुपदेशकांची स्थिती वेगळी आहे. मानसशास्त्रात एमए केलेला, चांगलं प्रशिक्षण घेतलेला आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करणारा समुपदेशकही असतो, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलाही असतो. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात समुपदेशक आणि मानसिक आरोग्य क्षेत्रातले समाजकार्यकर्ते यांना जागा दिली आहे, पण नोंदणीची व्यवस्था अजून पुरती रुळलेली नाही. तोवर तपासण्याचं काम आपल्यालाच करायचं आहे.

कुणाकडं जावं याचा साधा ठोकताळा असा. झोप, भूक पार बिघडली असेल, कानात आवाज येत असतील, संशय वाढला असेल, मरणाचे विचार येत असतील किंवा रोजचं काम ठप्प झालं असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. घरातले ताणतणाव, परीक्षेची भीती, जवळच्या माणसाचं जाणं, नात्यातली ओढाताण अशा गोष्टींसाठी समुपदेशक किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात करता येते. पुष्कळांना दोन्ही लागतात आणि त्यात काही वावगं नाही.

सरकारी वाट: १४४१६

मोफत आणि सगळ्यात जवळचा पर्याय म्हणजे टेलिमानस. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, तो सुरू झाला. क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीसह वीस भाषांत. निम्हान्स ही त्याची मध्यवर्ती संस्था आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत देशभरातून वीस लाखांहून जास्त फोन या सेवेवर आले.

फोन लावल्यावर काय होतं हे आधी माहीत असलं तर धाकधूक कमी होते. सुरुवातीला ध्वनिमुद्रित आवाज भाषा निवडायला सांगतो. मग राज्याच्या कक्षातला प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. तो त्रास ऐकून घेतो, काही प्रश्न विचारतो, तत्काळ करता येण्यासारखं सांगतो. प्रकरण गंभीर वाटलं तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडं फोन जोडून देतो, किंवा जिल्ह्यातल्या रुग्णालयाचा रस्ता दाखवतो. स्मार्टफोन, इंटरनेट, ॲप यांतलं काहीही लागत नाही, साधा बटणांचा फोन चालतो. वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसाला आणि स्वतःचा स्मार्टफोन नसलेल्या बाईला ही सेवा वापरता येते, याचं मोल फार मोठं आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून टेलिमानसचं ॲपही आलं आहे.

या सेवेची मर्यादाही सांगायला हवी. दर आठवड्याला त्याच माणसाशी महिनोन्‌महिने बोलत राहण्यासाठी ती बनलेली नाही. पहिला आधार, दिशा आणि पुढची जोडणी हे तिचं काम. ते काम करून घ्यावं आणि तिथून पुढं जावं.

दुसरी सरकारी सोय ई-संजीवनी. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून व्हिडिओवरून लांबच्या डॉक्टरांशी जोडून देतो. रुग्णानं स्वतः घरून जोडून घेण्याची सोय एप्रिल २०२० पासून आहे. प्रत्यक्ष भेटीसाठी बारामतीत २०१९ मध्ये सुरू झालेलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मनोविकारशास्त्र हा एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाचा भाग असल्यानं वैद्यकीय महाविद्यालयात तो विभाग असतो. त्याचा ओपीडीचा वार आणि वेळ केसपेपरच्या खिडकीवर विचारून घ्यावी. बारामती आणि इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयांतही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी जरूर करावी. आणखी पुढची गरज पडली तर पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

महाराष्ट्रातल्या संस्थांनी घडवलेली वाट

फोनवरून धीर देण्याचं काम आपल्याकडं ॲप येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालं. डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेची ‘मैत्र’ ही दूरध्वनी सेवा आहे. याच संस्थेच्या ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवर नैराश्य, चिंता, व्यसन, पालकत्व अशा विषयांवर मराठीतून पुष्कळ चांगलं बोललं गेलं आहे. उपचार घ्यावा की नाही या विचारात असलेल्या घरानं आधी ते एकत्र बसून पाहावं, एवढं ते उपयोगी आहे. पुण्यातली कनेक्टिंग ही संस्था आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं बोलणं, त्यांच्याबद्दल मत न बनवता, ऐकून घेण्याचं काम करते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं २०१२ मध्ये आयकॉल ही सेवा सुरू केली. फोन आणि ईमेलवरून प्रशिक्षित समुपदेशकांशी तिथं बोलता येतं.

व्यसनासाठी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून पुण्यात उभी राहिलेली सा ही संस्था आहे. शेजारच्या साताऱ्यात डॉ. हमीद दाभोलकर आणि परिवर्तन संस्था आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून तयार झालेल्या मानसमित्रांनी, म्हणजे मनाच्या त्रासात आधार देणाऱ्या कार्यकर्त्यांनी, अंगात येणं, करणी, बाहेरचं अशा भाषेत सांगितल्या जाणाऱ्या त्रासाकडं माणुसकीनं आणि शास्त्रानं पाहायला शिकवलं. उपचाराच्या विचारांतही महाराष्ट्राची स्वतःची कमाई आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसाच्या ओळखीची केली. त्यामुळं या पद्धतीनं काम करणारे, मराठीतून विचार करणारे समुपदेशक आज सापडतात.

खासगी ॲप आणि खासगी तज्ज्ञ

अमाहा, युअरदोस्त, प्रॅक्टो अशा मंचांवर तज्ज्ञांची यादी, भाषा, शुल्क आणि मोकळ्या वेळा दिसतात. यात सोय आहे. शोधताना भाषेच्या गाळणीत मराठी निवडावं, आणि नावापुढं फक्त ‘थेरपिस्ट’ किंवा ‘वेलनेस कोच’ लिहिलेलं असेल तर नेमकं शिक्षण विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. शहरातल्या खासगी तज्ज्ञाची पाऊण तासाची बैठक साधारण हजार ते अडीच हजार रुपयांच्या घरात जाते. महिन्याला चार बैठका म्हटलं तर एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला किंवा अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला ते झेपणारं नाही. म्हणून सवलतीचे दर आहेत का हे न लाजता विचारावं, पुष्कळ तज्ज्ञ काही जागा कमी शुल्कात ठेवतात. पंधरा दिवसांतून एक बैठक आणि मधल्या काळात लिहून करायचा अभ्यास, अशीही मांडणी करता येते.

मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पण बहुतेक विमा योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. बोलून करायच्या उपचाराचा खर्च खिशातूनच जातो, हे धरून चालावं.

गप्पा मारणाऱ्या यंत्रांचाही आता बोलबाला आहे. वायसासारखं ॲप श्वासाचे व्यायाम, विचार लिहून काढणं अशा सवयी लावायला मदत करतं. रात्री दोन वाजता बोलायला कुणी नसतं तेव्हा तरुण मुलं अशा यंत्राशी बोलतात, त्यांचा एकटेपणा समजून घेतला पाहिजे. पण यंत्र निदान करू शकत नाही, आवाजातला कंप ओळखून घरच्यांना सावध करू शकत नाही, आणि डॉक्टरवर असतं तसं गोपनीयतेचं कायदेशीर बंधन त्याच्यावर नाही. मरणाचे विचार असताना त्याच्यावर विसंबू नये. तेव्हा माणसाचाच आवाज हवा.

पहिल्या फोनवर काय विचारावं

तज्ज्ञ निवडणं हा रुग्णाचा हक्क आहे. प्रश्न विचारले म्हणून चांगला तज्ज्ञ रागावत नाही. तुमचं शिक्षण काय आणि नोंदणी क्रमांक काय? माझ्यासारख्या त्रासाच्या लोकांसोबत तुम्ही काम केलंय का? मराठीतून बोलाल का? शुल्क किती आणि वेळ रद्द झाली तर काय? बोललेलं कुणाला सांगाल, कधी सांगाल? मधल्या काळात त्रास वाढला तर मी कुणाला फोन करू? या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली की अर्धा विश्वास तिथंच बसतो.

गोपनीयतेबद्दल कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवाद आहे, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं पॉक्सो कायद्यानं सक्तीचं आहे. हे अपवाद पहिल्याच बैठकीत सांगणारा तज्ज्ञ प्रामाणिक समजावा.

धोक्याच्या खुणाही लक्षात ठेवाव्यात. सात दिवसांत नैराश्य मुळापासून घालवतो म्हणणारा, डॉक्टर नसताना चालू औषधं बंद करायला सांगणारा, वीस बैठकांचे पैसे एकदम मागणारा, बैठकीचं रेकॉर्डिंग करू पाहणारा, रुग्णांचे अनुभव नावानिशी जाहिरातीत टाकणारा, असा कुणी भेटला तर फोन ठेवून द्यावा. औषधांबाबत २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीनं मर्यादा घातल्या आहेत. काही औषधं पहिल्या वेळी फक्त व्हिडिओवर रुग्णाला पाहूनच लिहिता येतात, काही ऑनलाइन लिहायला मनाईच आहे. त्यामुळं व्हॉट्सॲपवर दोन ओळी वाचून झोपेच्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर मदत करत नाही, नियम मोडतो.

भाषेचं महत्त्व प्रमाण मराठी येण्यापुरतं नाही. कालव्याचं आवर्तन लांबलं, उसाची नोंद उशिरा लागली, पतसंस्थेचा हप्ता थकला, डाळिंबावर तेल्या आला, मार्चअखेर पीककर्ज नवंजुनं करायचंय, या वाक्यांमागं किती रात्रींची झोप गेलेली असते, हे ज्याला उलगडून सांगावं लागत नाही असा माणूस मिळाला तर पहिल्या दोन बैठका वाचतात. शहरातल्या तज्ज्ञाला हे माहीत नसेल तर त्यानं नीट विचारून समजून घ्यावं, इतकी अपेक्षा रास्त आहे. पहिल्या दोन-तीन बैठकांत सूर जुळला नाही तर तसं सांगून दुसरा तज्ज्ञ निवडावा. त्याचा अर्थ उपचार फसला असा होत नाही.

बसायचं कुठं?

या सगळ्या आढाव्यातला सर्वांत दुर्लक्षित आणि आपल्या भागापुरता सर्वांत कळीचा प्रश्न हाच आहे. इंदापूर तालुक्यातलं वस्तीवरचं घर डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या आणि पडवी. सासू-सासरे पडवीत, मुलं आत अभ्यासाला, नवरा बाहेर गेला की स्मार्टफोनही त्याच्यासोबत गेलेला. रेंज कोपऱ्यातल्या खिडकीशीच नीट येते आणि तिथंच टीव्ही आहे. या घरातल्या सुनेला लग्नानंतरच्या घुसमटीबद्दल पाऊण तास बोलायचंय. देशातला उत्तमातला उत्तम तज्ज्ञ मोफत मिळाला तरी ती बोलू शकणार नाही. ‘हो’, ‘नाही’, ‘बरं आहे’ इतकंच बोलेल, आणि तज्ज्ञाला वाटेल की त्रास फारसा नाही. फोननं रस्त्यावरची नजर टळते, घरातला कान टळत नाही.

यावर माणसं आपापल्या परीनं वाट काढतात आणि त्यातल्या काही वाटा खरंच चांगल्या आहेत. दुपारी रानात गेल्यावर बांधावरच्या झाडाखाली बसून बोलणं, माहेरी गेल्यावर पहिल्या बैठका घेणं, उभ्या केलेल्या गाडीत बसणं, मैत्रिणीच्या घरी तासभर जाणं. इअरफोन लावला तर निदान समोरच्याचं बोलणं घरात ऐकू येत नाही. व्हिडिओला रेंज पुरत नसेल तर साध्या फोनवर बैठक घ्यायला बहुतेक तज्ज्ञ तयार असतात. कुणी अचानक आत आलं तर काय करायचं, याचा खुणेचा शब्द पहिल्याच वेळी तज्ज्ञाशी ठरवून घ्यावा. नवऱ्याकडून मारहाण होत असेल तर ही दक्षता जिवाच्या सुरक्षिततेसाठी लागते, आणि फोनमधली नोंदही पुसावी लागते. पाळीत काम करणाऱ्या कामगारानं पाळी बदलते हे आधीच सांगून सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन्ही वेळा ठरवाव्यात.

यात कुटुंबाला करता येण्यासारखं पुष्कळ आहे. ‘आठवड्यातून एक तास ती खोली तिची, कुणी आत जायचं नाही,’ इतकं घरातल्या वडीलधाऱ्यानं सांगितलं तर उपचाराची निम्मी लढाई जिंकली जाते. काय बोललीस, असं बाहेर आल्यावर विचारू नये. चहा ठेवावा आणि नेहमीसारखं वागावं.

ऑनलाइन काय जमतं, काय जमत नाही

सौम्य ते मध्यम नैराश्य आणि चिंतेसाठी तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली होणारा ऑनलाइन उपचार समोरासमोरच्या उपचाराच्या जवळपास बरोबरीनं उपयोगी पडतो, असं जगभरातल्या अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. तेव्हा फोनवरचा उपचार म्हणजे दुय्यम उपचार, ही समजूत सोडून द्यावी.

तीव्र आजारात मात्र प्रत्यक्ष भेट लागते. माणूस खातपीत नाही, भ्रमात आहे, हिंसक झाला आहे, दारू अचानक थांबवल्यानं थरथरतो किंवा बरळतो आहे, नुकतंच बाळंतपण झालेली बाई बाळाकडं पाहतही नाही, अशा वेळी रुग्णालय गाठावं. आत्महत्येचा विचार कुणी बोलून दाखवला तर त्याला हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटं सोडू नये, १४४१६ ला फोन लावावा, धोका समोर दिसत असेल तर ११२ ला कळवावं आणि जवळच्या रुग्णालयात न्यावं. शेतकरी घरात कीटकनाशकं आणि तणनाशकं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडं, ही खबरदारी जीव वाचवते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला २०१७ चा कायदा तीव्र ताणाखाली असलेला समजतो आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी मानतो. पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळण्याचं कारण उरलेलं नाही.

तालुक्यानं काय करावं

तज्ज्ञांची संख्या एका रात्रीत वाढणार नाही. पण गावातल्या माणसांना शिकवून बराच पल्ला गाठता येतो, हे आपल्याच आसपास सिद्ध झालं आहे. गोव्यात संगाथ संस्थेनं प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत त्यातून बाहेर आले. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ कार्यक्रमानं गावोगावी माणसं तयार केली, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रानं नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ उपक्रमातून गावातल्याच स्वयंसेवकांना ऐकण्याचं शिक्षण दिलं आणि त्यांच्या हाती छोट्या फिल्म असलेले स्मार्टफोन दिले. शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारनं २०१५ मध्ये सुरू केलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांपुरता आहे. पुणे जिल्हा त्यात नाही, पण त्यातला धडा आपल्यालाही लागू आहे. अडचणीतल्या माणसानं फोन उचलण्याची वाट पाहत बसू नये, कुणीतरी त्याच्या दारात जावं.

बारामती-इंदापूरकडं यासाठी लागणारं बरंचसं आहे. आशा सेविका आहेत, आरोग्य मंदिरं आहेत, महाविद्यालयं आहेत, वाचनालयं आहेत, सहकारी साखर कारखान्यांचं गावोगाव पसरलेलं जाळं आहे. कमी आहे ती दार लावता येईल अशी एक खोली. प्रत्येक मोठ्या गावात ग्रामपंचायत, वाचनालय किंवा आरोग्य मंदिरानं आठवड्यातले काही तास एक खोली, चांगलं इंटरनेट आणि एक टॅब राखून ठेवावा. तिथं येणाऱ्याला कारण विचारू नये, वहीत नाव लिहू नये. त्याच खोलीत बँकेची, दाखल्यांची, शिष्यवृत्तीची ऑनलाइन कामंही होऊ द्यावीत, म्हणजे तिथं जाणं हीच खूण ठरणार नाही. गळीत हंगामात कारखान्यांनी ऊसतोड कामगारांच्या तळावर १४४१६ ची माहिती तोंडी सांगावी. बीड-अहिल्यानगरहून आलेली ही कुटुंबं सहा महिने घरापासून लांब असतात आणि त्यांच्यापर्यंत फलक पोचत नाहीत. महाविद्यालयांनी आणि अभ्यासिकांनी स्पर्धा परीक्षेच्या निकालानंतरच्या आठवड्यात समुपदेशकाची वेळ आधीच ठरवून ठेवावी, कारण मुलं तेव्हाच सर्वांत एकटी असतात.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं ग्रामपंचायतींवर बंधनकारक आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत रस्ता, पाणी आणि दिवाबत्तीसोबत या खोलीचा विषय घालायला खर्च नगण्य लागतो. तज्ज्ञ पुण्यात, मुंबईत, अगदी परदेशातही बसलेला चालेल. बोलायला सुरक्षित जागा आणि पहिला फोन लावताना शेजारी बसणारं माणूस मात्र गावातच असावं लागतं. ती सोय आपण केली, तर ऑनलाइन मानसोपचार आपल्या तालुक्यांत खऱ्या अर्थानं पोचला असं म्हणता येईल.